तो मळ नव्हता

आठवीत असताना माझी मान काळी पडायला लागली. आधी मागच्या बाजूला, केसांच्या खाली, बोटभर पट्टा. मग तो दोन्ही बाजूंनी पुढं सरकला. काखेतही तसंच. आईला वाटलं, पोरगी नीट अंघोळ करत नाही. दर रविवारी ती मला मोरीत पाटावर बसवायची, वेणी वर धरायला सांगायची आणि मान घासायची. डाळीचं पीठ झालं, लिंबू-मीठ झालं, शेवटी नारळाचा काथ्या. मान लाल व्हायची, पाणी पडलं की झोंबायची, आणि पट्टा जिथल्या तिथं.

"मळ साठलाय नुसता. धूत न्हाईस तू," ती म्हणायची.

मी धूत होते. शाळेला जायच्या आधी दाराला कडी लावून पाय घासायच्या दगडानं मान घासलेली आहे मी. पण हे तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी किती घाबरलेय हे तिला कळलं असतं.

आम्ही कोल्हापूरजवळच्या हुपरीचे. वडील घरातच चांदीचे पैंजण करायचे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्यांची बैठक होती. सकाळी चहा घेऊन बसले की दुपारी जेवायलाच उठायचे, आणि जेवून पुन्हा तिथंच. आई आणि मी कड्या जोडायचो, घुंगरं ओवायचो. शाळेतून आल्यावर दप्तर ठेवायचं, हात धुवायचे आणि मांडी घालायची. बसल्या बसल्या समोर काही ना काही खायला असायचंच. शेंगदाण्याचा लाडू, भडंग, फरसाण. आमच्याकडं माणसावर जीव आहे हे तोंडानं कुणी सांगत नाही, ताटात वाढून सांगतात. मी नको म्हटलं तर आईचा चेहरा उतरायचा. पण मी नको म्हणायचेच कुठं? मला भूक लागायची. जेवून उठले की अर्ध्या तासात लागायची. वडील हसत म्हणायचे, "आमची अधाशी कुठाय?" त्यांच्या मनात काही नसायचं. मी पण हसायचे, आणि कधीकधी मागं परड्यात जाऊन रडायचे.

शाळेत मला पैलवान म्हणायचे. कोल्हापूरच्या बाजूला पोराला पैलवान म्हटलं की त्याची छाती फुगते. मुलीला म्हटलं की ती ओढणी ओढून घेते. मी दोन वेण्या सोडून एकच सैल वेणी घालायला लागले, मान झाकावी म्हणून. मे महिन्यातसुद्धा गळाबंद ड्रेस. पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने यायची नाही, आणि तेही कुणाला सांगायचं सुचलं नाही.

नववीत शाळेत आरोग्य तपासणी आली. हॉलमध्ये काटा मांडलेला, रांग लावलेली. बाई वजन मोठ्यानं वाचत होत्या आणि एक मुलगी वहीत लिहीत होती. माझा नंबर आला. "एकोणऐंशी," बाई म्हणाल्या. मागं कुणीतरी फस्सकन हसलं. मी काट्यावरून उतरले आणि पुढच्या टेबलाशी गेले ते खाली बघतच.

त्या टेबलाशी एक डॉक्टर बसल्या होत्या. तिशीच्या आत-बाहेरच्या, साध्या सुती पंजाबी ड्रेसमध्ये. कोल्हापुरातल्या एका मोठ्या दवाखान्यातून आल्या होत्या. त्यांनी माझा रक्तदाब बघितला, पुन्हा एकदा बघितला, कमरेभोवती टेप धरली. मग उठून माझ्या मागं आल्या आणि हलकेच वेणी बाजूला केली. माझं अंग आक्रसलं. वाटलं, आता ह्या पण धुण्याबद्दल बोलणार.

मानेवरून त्यांनी बोट फिरवलं. काथ्यानं सोललेल्या जागी खपली होती.

"किती दिवस घासतेयस?"

मी वेणी पुन्हा मानेवर ओढली.

"हा मळ नाही," त्या म्हणाल्या. "कितीही घासलंस तरी जाणार नाही, कारण तो बाहेरून आलेलाच नाही. उद्यापासून घासायचं बंद. आईला सांग, डॉक्टरांनी सांगितलंय."

आवाज इतका हळू होता की रांगेतल्या पुढच्या मुलीलाही ऐकू गेलं नसेल. तोपर्यंत माझ्या अंगाबद्दल माझ्याशी असं हळू कुणी बोललं नव्हतं. मला रडू आलं. त्यांनी माझ्याकडं न बघता चिठ्ठी लिहायला घेतली आणि माझं मला आवरू दिलं.

चिठ्ठीत लिहिलं होतं की त्या वयात येणाऱ्या मुलामुलींच्या वजनाचा आणि हृदयाच्या धोक्याचा अभ्यास करत आहेत. त्यासाठी रक्तातली काही हार्मोन्स तपासायची आहेत. पालकांची संमती हवी, उपाशीपोटी यायचं, सक्तीचं काही नाही.

वडिलांनी चिठ्ठी वाचली आणि बाजूला ठेवली. "रक्त कशाला काढाय पायजे? धडधाकट पोरगी हाय. खातीया पितीया. ह्या वयात कुणाला हार्ट ॲटॅक येतोय?"

आईनं चिठ्ठी उचलली. तिचं शिक्षण सातवीपर्यंत, पण तिनं दोनदा वाचली. मग मला विचारलं, "मळ न्हाय म्हणाल्या?"

"न्हाय म्हणाल्या."

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर चिठ्ठीखाली तिची सही होती. एकेक अक्षर सुटं काढलेलं.

गुरुवारी पहाटे पहिल्या बसनं आम्ही दोघी कोल्हापूरला गेलो. दवाखान्यात सिस्टरनं आधी एकदा रक्त घेतलं. मग पेलाभर ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं, इतकं गोड की घशातून उतरेना. दोन तास बसायचं, पुन्हा रक्त द्यायचं, तोवर काही खायचं नाही. आम्ही बाकावर बसून राहिलो. आईच्या पिशवीत भाकरी-चटणीचा डबा होता. साडेनऊ-दहाच्या सुमाराला मी म्हटलं, "तू तरी खा की."

"तू उपाशी अन् मी खाऊ व्हय?"

तिनंही सकाळपासून चहाचा घोट घेतला नव्हता. दुसऱ्यांदा सुई टोचली तेव्हा मी डोळे मिटले, आणि मानेला तिचा हात लागला. घासणारा नव्हे, नुसता ठेवलेला. बाहेर जिन्याच्या पायरीवर बसून आम्ही तो डबा खाल्ला. खाताना ती म्हणाली, "चुकलं माझं. लै घासलं मी तुला." एवढंच. आमच्या घरात आईनं पोरीची माफी मागायची रीत नव्हती. मी तिच्या भाकरीवर चटणी वाढली.

रिपोर्ट आठवड्यानं मिळणार होते. त्या दिवशी नेमका वडिलांना गुजरीत, कोल्हापूरच्या सराफ बाजारात, माल पोचवायचा होता, म्हणून ते बरोबर आले. तेही मनाविरुद्धच. डॉक्टरांची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. आम्ही आत जाऊन बसलो तरी वडील यायचे होते. पाच मिनिटांनी आले आणि दाराशीच उभे राहिले. कपाळावर घाम.

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, माझा कागद माझ्यापुढं ठेवला. आईवडिलांपुढं नाही, माझ्यापुढं. म्हणाल्या, "रिपोर्ट तुझा आहे, तर आधी तुला सांगते."

मग त्यांनी समजावलं. इतक्या वर्षांनी शब्द सगळेच जसेच्या तसे आठवत नाहीत, पण अर्थ पक्का आठवतो. अंगावरची चरबी म्हणजे नुसता साठा नाही, ती रक्तातून सारखी निरोप पाठवत असते. एका निरोपाचं नाव लेप्टिन. तो मेंदूला सांगतो की आता पुरे, भरपूर आहे. माझ्या रक्तात लेप्टिन कमी नव्हतं, उलट खूप होतं. पण सारखं तेच तेच ऐकून मेंदूनं त्याच्याकडं लक्ष द्यायचं सोडलं होतं. दुसरा निरोप ॲडिपोनेक्टिनचा. तो रक्तवाहिन्यांना जपतो. वजन वाढतं तसा तो कमी होतो, आणि माझा कमी झाला होता. आणि इन्शुलिन जरुरीपेक्षा कितीतरी जास्त बनत होतं. साखर अजून ताब्यात होती, पण ती ताब्यात ठेवायला शरीराला फार राबावं लागत होतं. मानेवरचा काळा पट्टा त्या राबण्याची खूण होती.

वडील दाराशी उभ्यानं ऐकत होते. ते म्हणाले, "मंजे... पोरगी अधाशी न्हाय?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तिला खरोखरची भूक लागते. तिनं मुद्दाम काही केलेलं नाही."

वडील खुर्चीवर बसले. माझ्याकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. त्या दिवसानंतर तो शब्द आमच्या घरात पुन्हा कुणी उच्चारला नाही.

"हिला हार्टचं काय होईल का?" आईनं विचारलं.

डॉक्टरांनी खोटा धीर दिला नाही, भीतीही घातली नाही. म्हणाल्या, की ही हार्मोन्स म्हणजे काही भविष्य नव्हे. त्यांच्यावरून पुढं काय होईल हे अजून कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, त्याचाच तर अभ्यास चाललाय. पण रक्तदाब थोडा वर आहे, चरबीचे आकडे थोडे वर आहेत, आणि वय पंधरा आहे. म्हणजे वेळ आहे. गोळ्या आत्ता नकोत. दोन गोष्टी करायच्या, खाणं बदलायचं आणि रोज चालायचं, आणि त्या हिनं एकटीनं नाही, घरानं करायच्या.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि वडिलांना विचारलं, "तुम्ही जिन्यात थांबला होतात का?"

"थोडं. ॲसिडिटी हाय मला. चढलं की छातीत जळजळतंय."

"किती दिवस?"

"दिवाळीपास्नं."

"तुमचे वडील?"

"ते लवकर गेले. पंचेचाळीशीत. छातीत कळ आली, शेतातच पडले."

वडील तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. डॉक्टरांनी फोन उचलला आणि खाली कुणाला तरी सांगितलं, एक पेशंट पाठवतेय, आत्ताच ईसीजी काढा.

वडील उठले. "आत्ता जमणार न्हाय मॅडम. माल द्यायचा हाय. पुढच्या टायमाला बघू."

आई त्यांच्याकडं बघत राहिली, पण चारचौघांत त्यांना उलट बोलायची तिला सवय नव्हती. बोलले मी. कुठून बळ आलं माहीत नाही. "पप्पा, मी दोनदा सुई टोचून घेतली, तेबी उपाशी. तुमाला नुसतं झोपायचं हाय."

ते झोपले. दहा मिनिटांचं काम म्हणून गेले आणि परत आले नाहीत. त्यांना तिथूनच वरच्या वॉर्डात नेलं. अँजिओग्राफी झाली. हृदयाची एक मोठी नळी जवळजवळ बंद होती, दुसरी अर्धवट. स्टेंट घातला. हृदयाचे डॉक्टर आईला म्हणाले, "बरं झालं आजच आलात." आई म्हणाली, "आम्ही ह्यांच्यासाठी न्हाई आलो, पोरीच्या रिपोर्टसाठी आलतो." त्यांना त्यातलं काही कळलं नसणार. माल गुजरीत पोचवला तो मी आणि आईनं, संध्याकाळी, पिशवी छातीशी धरून.

घरी सोडल्यावरही तपासणीला सारखं यावं लागणार होतं, म्हणून महिनाभर आम्ही कोल्हापूरलगतच्या कळंब्याला आत्याकडं राहिलो. तिच्या घरापासून तलाव जवळ. वडिलांना रोज चालायला सांगितलं होतं, मलाही. सकाळी आम्ही दोघं निघायचो. ते ऑपरेशनचे, मी वजनाची. दोघांनाही जोरात चालता येत नव्हतं, त्यामुळं कुणी कुणाला मागं टाकायचा प्रश्नच नव्हता. पहिल्या दिवशी बांधावर शंभर पावलं गेलो आणि बसलो. दुसऱ्या दिवशी थोडं पुढं. बाजूनं तरणीताठी पोरं पळत जायची, बायका गप्पा मारत झपाझप निघून जायच्या. एक आजोबा रोज भेटायचे. ते म्हणायचे, "काय पावणं, आज कुठवर?" वडील लांबचं एखादं झाड दाखवायचे. कधी तिथवर पोचायचो, नाहीतर वाटेतच हसत बसायचो.

त्या महिन्यात वडील माझ्याशी जेवढं बोलले तेवढं आधीच्या पंधरा वर्षांत बोलले नव्हते. त्यांच्या वडिलांबद्दल सांगितलं. स्वतः लहान असताना ताटात दुसरी भाकरी मिळायची नाही, म्हणून आपल्या पोरीच्या ताटात कधी कमी पडू द्यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा चालता चालता थांबून म्हणाले, "तुला मी हसत बोलायचो. तुला लागत आसंल."

"लागायचं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि आम्ही पुढं चालायला लागलो.

हुपरीला परतल्यावर घर हळूहळू बदललं. आईला जड गेलं. नात्यातल्या बायका म्हणायच्या, पोरीला उपाशी मारतीस काय. ती आधी गोंधळायची, नंतर सरळ सांगायला लागली, "डॉक्टरणीनं सांगितलंय, अन् ह्यांनाबी तेच." माझ्या ताटात वेगळं आणि बाकीच्यांच्या ताटात वेगळं असं तिनं एकदाही केलं नाही. तळणीची कढई वर माळ्यावर गेली. फरसाणाचा डबा काढून तिथं काकड्या आणि फुटाणे आले. वडिलांनी बैठकीवर घड्याळ ठेवलं, तासानं उठायचं आणि अंगणात दोन फेऱ्या मारायच्या. मला जोरानं हाक मारायचे, "चल गं, तास झाला." शेजारीपाजारी हसायचे. वर्षभरात शेजारच्या दोन बैठकींवरचे कारागीरही आमच्याबरोबर उठायला लागले.

माझं वजन काही झरझर उतरलं नाही. पहिल्या वर्षात चार-पाच किलो. मला वाईट वाटलं. पुन्हा रक्त दिलं तेव्हा डॉक्टरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "काट्याकडं बघू नकोस, हे बघ." इन्शुलिन बरंच खाली आलं होतं. ॲडिपोनेक्टिन थोडं वर. रक्तदाब ठीक. पाळी महिन्याच्या महिन्याला यायला लागली होती. मान फिकट झाली होती, ते तर मला आरशातच दिसत होतं.

बरोबर आलेल्या वडिलांनी एक लहानशी डबी त्यांच्यापुढं केली. त्यांनी स्वतः घडवलेली जोडवी होती. डॉक्टर म्हणाल्या, मला पेशंटकडून काही घेता येत नाही. वडील म्हणाले, "मी तुमचा पेशंट न्हाय, मॅडम. माझं डॉक्टर वरल्या मजल्यावर हायत." त्या हसल्या, पण डबी परतच केली. म्हणाल्या, तपासणी चुकवू नका, तेच मला द्या. वडिलांनी आजपर्यंत एकही तपासणी चुकवलेली नाही. ते आता त्रेपन्न वर्षांचे आहेत. त्यांच्या वडिलांना जी वर्षं मिळाली नाहीत ती ते जगताहेत, आणि त्यातला बराच वेळ माझ्याशी कुठल्या तरी कारणावरून भांडण्यात घालवतात.

मी आता आजऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आजही अंगानं भरलेलीच आहे. वर्षातून एकदा रक्त तपासते. कधी आकडे नीट येतात, कधी थोडे बिघडतात, मग पुन्हा नीट वागते. त्याचं आता दडपण वाटत नाही.

गेल्या वर्षी त्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांची बदली होऊन बरीच वर्षं झाली होती, एका कामासाठी दोन दिवस कोल्हापूरला आल्या होत्या. मी सुट्टी काढून भेटायला गेले. केस थोडे पिकले होते, बोलणं तेच, हळू. पिशवीतून त्यांनी काही छापील पानं काढली. त्यांचा अभ्यास छापून आला होता. इंग्रजीत, बारीक अक्षरात. नाव कुणाचंच नव्हतं. एका पानावर आलेख होता आणि त्यात पुष्कळ ठिपके, कुठं दाट, कुठं विरळ.

"ह्यातला एक तू आहेस," त्या म्हणाल्या.

"कुठला?"

"ते मलाही माहीत नाही. नावं काढून टाकलेली असतात."

मी ते पान बराच वेळ बघत बसले. माझ्यासारखीच कुठल्या कुठल्या गावांतून पहाटे उपाशी निघालेली पोरं. कुणाची आई बरोबर आली असेल, कुणाची आजी. त्यांनाही ते गोड पाणी प्यावं लागलं असेल. मी त्यांना ओळखत नाही, त्यांच्या घरी पुढं काय झालं ते कुणाला विचारायचं हेही माहीत नाही. पण ती सगळी रांगेत उभी राहिली म्हणून तो अभ्यास झाला, आणि अभ्यास होता म्हणून डॉक्टर आमच्या शाळेत आल्या. मी त्यांना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, "हो, मलाही त्यांचीच आठवण येते."

मी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली. संध्याकाळी हुपरीला गेले आणि वडिलांपुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला.

"ह्यात काय लिवलंय?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि पहिल्या ओळीपासून मराठीत सांगायला लागले.